शेअर्ड कर्नलच्या कंटेनर-होस्टवर कर्नल पॅनिक आला तर

प्रश्न थोडक्यात असा: एका फिजिकल सर्व्हरवर (म्हणजे होस्टवर) चाळीसेक कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रामांचे गट, चालतात, काही एलएक्ससी या टूलचे, काही डॉकरचे. अधूनमधून सगळा सर्व्हर गोठतो. कन्सोलवर ‘कर्नल पॅनिक’ (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल थांबल्याचा संदेश) दिसते, पॉवर बंद-चालू केली की सगळे पूर्ववत होते, आणि लॉगमध्ये मात्र काहीच सापडत नाही. एका कंटेनरमधल्या प्रोग्रामची झळ बाकीच्यांना का लागते, आणि हे हाताळायचे कसे?

झळ लागते, कारण कंटेनर हे वेगळे मशीन नसते, सगळे कंटेनर होस्टचा एकच कर्नल वापरतात. नेमस्पेस (कंटेनरला काय दिसावे ते ठरवणारी) आणि सीग्रुप (त्याला किती मेमरी आणि सीपीयू मिळावा ते ठरवणारा) या कर्नलनेच उभ्या केलेल्या आडभिंती आहेत. वाड्याचा पायाच खचला तर कोणत्या बिऱ्हाडाची भिंत जाड होती याला अर्थ राहत नाही. लॉगमध्ये काही न सापडण्याचे कारणही साधे आहे. लॉग डिस्कवर लिहिणारा जर्नलडी हा एक साधा प्रोसेस आहे आणि पॅनिकनंतर कोणत्याच प्रोसेसला पुन्हा सीपीयू मिळत नाही. शेवटच्या, म्हणजे कामाच्या, ओळी मेमरीतल्या रिंग बफरमध्ये राहतात आणि पॉवर गेली की पुसल्या जातात.

क्रॅश कधीच होणार नाही अशी व्यवस्था शेअर्ड कर्नलवर करता येत नाही. तीन गोष्टी करता येतात: अर्धमेला होस्ट चालू राहू द्यायचा नाही, मरताना त्याच्याकडून पुरावा काढून घ्यायचा, आणि उठल्यावर त्याच कंटेनरने त्याला पुन्हा पाडू नये याची सोय ठेवायची. बहुतेक लोक दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिली जास्त महत्त्वाची आहे. (सेटिंगची नावे खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.)

अर्धमेला होस्ट

कर्नलला स्वतःची चूक सापडली की दोन गोष्टी होऊ शकतात. ‘ऊप्स’ झाला तर ज्या प्रोसेसच्या वतीने काम चालले होते तिला कर्नल मारतो आणि पुढे चालू राहतो. ‘पॅनिक’ झाला तर तिथेच थांबतो. मूळ लिनक्समध्ये ‘कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स’ हे सेटिंग ० असते, म्हणजे ऊप्सनंतरही होस्ट चालत राहतो. रेड हॅटच्या वितरणात ते १ असते.

डेस्कटॉपवर ० ठीक आहे. कंटेनर-होस्टवर तो घात आहे. मारलेल्या प्रोसेसने धरलेले लॉक कोणी सोडत नाही. ते नेटवर्क नेमस्पेसचे किंवा माउंटचे असेल तर चालू कंटेनर काही काळ बरे दिसतात, पण नवा कंटेनर सुरू होत नाही, जुना बंद होत नाही, ‘डॉकर पीएस’ अडकून बसते. सीपीयू मोकळा असताना लोड ॲव्हरेज (कामाच्या रांगेची सरासरी) शंभर-दोनशेवर चढते, कारण ‘डी’ स्थितीत, म्हणजे मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत, अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. पिंगला उत्तर कर्नलच देतो, त्यामुळे मॉनिटरिंगवर हिरवा दिवा कायम असतो. अशा होस्टवर डेटाबेस तासभर लिहीत राहण्यापेक्षा होस्ट ताबडतोब कोसळलेला बरा. कोसळलेल्या डेटाबेसला स्वतःचा लॉग वाचून सावरता येते, बिघडलेल्या मेमरीतून डिस्कवर गेलेल्या चुकीच्या पानांना उपाय नसतो.

सुरुवातीला एवढे ठेवा:

कर्नल.पॅनिक = १०
कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स = १
व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम = ०
कर्नल.हंग_टास्क_वॉर्निंग्ज = -१

पहिल्या ओळीचा अर्थ, पॅनिकनंतर १० सेकंदांनी आपोआप रीबूट. मूळ मूल्य ० असते, म्हणजे कोणी बटण दाबेपर्यंत सर्व्हर रात्रभर तसाच उभा. कुबरनेटिस (अनेक होस्टवर कंटेनर वाटून चालवणारी व्यवस्था) असेल तर प्रत्येक होस्टवरचा त्याचा एजंट, क्यूबलेट, पहिल्या तीन ओळी स्वतःच अशा करून ठेवतो. त्याला ‘प्रोटेक्ट कर्नल डिफॉल्ट्स’ दिले असेल तर मात्र तो मूल्ये बदलत नाही, वेगळी दिसली की सुरूच होत नाही.

तिसऱ्या ओळीकडे नीट पाहा. ओओएम म्हणजे मेमरी संपणे. ‘पॅनिक_ऑन_ओओएम’ चुकूनही २ करू नका. १ असताना कंटेनरने स्वतःची सीग्रुप मर्यादा ओलांडली तर पॅनिक होत नाही, फक्त त्या कंटेनरमधला प्रोसेस मारला जातो. २ असताना मात्र सीग्रुपच्या आतल्या ओओएमवरही अख्खा होस्ट पॅनिक होतो. म्हणजे ५१२ एमबी मर्यादेचा एक फुटकळ कंटेनर बाकीच्या सगळ्यांना घेऊन जाणार. क्लस्टर फेलओव्हरसाठी (एक मशीन पडले की दुसऱ्याने काम घेण्यासाठी) लिहिलेल्या जुन्या मार्गदर्शिकांमधून हे मूल्य उचलले जाते. तिथे एका मशीनवर एकच डेटाबेस असायचा, म्हणून तो सल्ला त्या काळी बरोबर होता.

चौथी ओळ छोटी पण उपयोगी. १२० सेकंद अडकलेल्या प्रोसेसबद्दल कर्नल इशारा देतो, पण मूळ सेटिंगमध्ये असे दहाच इशारे देऊन गप्प होतो. चाळीस कंटेनरच्या होस्टवर ते दहाही इशारे पाचच मिनिटांत संपतात.

अडकलेल्या प्रोसेसवर पॅनिक करायचे का, म्हणजे ‘हंग_टास्क_पॅनिक’? होस्टवर एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्क) असतील तर नको. एनएफएस सर्व्हर तीन मिनिटे गेला तरी सगळे होस्ट एकदम पॅनिक होतील. ‘सॉफ्टलॉकअप_पॅनिक’चा विचार फिजिकल सर्व्हरवर करता येतो. तिथे एखादा सीपीयू सुमारे २० सेकंद कर्नलमध्येच अडकला तरच ते लागू होते. होस्ट स्वतःच व्हर्च्युअल मशीन असेल तर वरच्या हायपरव्हायजरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) सीपीयू वेळेवर न दिल्यानेही तोच इशारा येतो, म्हणून तिथे हे बंदच ठेवा.

आणखी एक लक्षण क्रॅश नसूनही तितकेच त्रासदायक असते. लॉगमध्ये दर १० सेकंदांनी ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर एलओ टु बिकम फ्री’ अशी ओळ येऊ लागते. बंद झालेल्या कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसचा एखादा संदर्भ कर्नलमध्ये कुठेतरी लटकत राहिलेला असतो आणि तो सुटेपर्यंत नव्या नेमस्पेसचे कामही अडू शकते. डॉकर रीस्टार्ट करून हे जात नाही. कंटेनर दुसरीकडे हलवा, ठरवून रीबूट करा आणि कर्नल अपडेट करा.

पुरावा: केडंप

केडंपची कल्पना अशी: बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला राखायची आणि तिथे दुसरा छोटा कर्नल भरून ठेवायचा. मुख्य कर्नल पॅनिक झाला की बायोसमधून न जाता थेट हा छोटा कर्नल सुरू होतो, मेलेल्या कर्नलची मेमरी फाइलमध्ये लिहितो आणि मशीन रीबूट करतो. केडंप भरलेला असेल तर ही उडी लगेच होते, वरच्या १० सेकंदांची वाट पाहिली जात नाही.

मेमरी राखण्यासाठी बूट पॅरामीटर ‘क्रॅशकर्नल’. रेड हॅट ९ मध्ये ‘ऑटो’ हे मूल्य काढून टाकले आहे. तिथले ठरलेले प्रमाण असे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. बरीच नेटवर्क कार्डे आणि मोठे स्टोरेज कंट्रोलर असलेल्या सर्व्हरवर ते अपुरे पडू शकते, कारण छोट्या कर्नललाही तेच ड्रायव्हर लोड करावे लागतात. ‘केडंपसीटीएल एस्टिमेट’ चालवून अंदाज घ्या. उबुंटू-डेबियनवर ‘केडंप-टूल्स’ पॅकेज घालून ‘केडंप-कॉन्फिग शो’ पाहा. दोन्हीकडे शेवटची खात्री एकच: ‘/सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड’ या फाइलमध्ये १ हवा. ० असेल तर सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसली तरी डंप मिळणार नाही.

डंप हुकण्याची कारणे कंटेनर-होस्टवर ठरलेली असतात.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जागा. ‘/व्हार/क्रॅश’ आणि ‘/व्हार/लिब/डॉकर’ एकाच विभाजनावर असतात आणि कंटेनरच्या इमेजनी (त्यांच्या तयार फाइल-संचांनी) ते भरलेले असते. डंपसाठी वेगळे विभाजन द्या. किती मोठे? ‘मेकडंपफाइल’ला ‘-डी ३१’ दिले की शून्य पाने, पेज कॅश, प्रोग्रामची पाने आणि मोकळी पाने वगळली जातात, उरते कर्नलची मेमरी. साध्या सर्व्हरवर ती किरकोळ असते, पण शेकडो ओव्हरले माउंट आणि लाखो फाइली हाताळणाऱ्या होस्टवर डेंट्री आणि आयनोडचा स्लॅब (फाइलींची नावे आणि माहिती ठेवणारी कर्नलची मेमरी) कित्येक जीबी होतो. चालू मशीनवर ‘मेकडंपफाइल --मेम-यूसेज /प्रॉक/केकोर’ चालवले की नेमका आकडा मिळतो. तो गर्दीच्या वेळी घ्या, रीबूटनंतर लगेच नको.

दुसरे कारण हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे मशीन गोठले की ते रीसेट करणारे घड्याळ. मुख्य कर्नलने सुरू केलेले घड्याळ छोटा कर्नल आल्यावरही चालूच असते. छोट्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना मेमरीत चढणाऱ्या फाइल-संचात) त्याचा ड्रायव्हर नसेल तर डंप निम्म्यावर असताना मशीन रीसेट होते. वॉचडॉग बंद करण्यापेक्षा त्याचा ड्रायव्हर केडंपच्या इनिटरॅमएफएसमध्ये घाला. पेसमेकर या सॉफ्टवेअरचा क्लस्टर असेल तर हाच घोटाळा फेन्सिंगमुळे (उत्तर न देणाऱ्या नोडची, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनची, पॉवर काढण्यामुळे) होतो, त्यासाठी ‘फेन्स_केडंप’ हा एजंट आहे: ‘मी डंप लिहितोय, पॉवर काढू नका’ असे छोटा कर्नल त्यामार्फत इतर नोडना कळवत राहतो.

तिसरे, डंप एसएसएच किंवा एनएफएसवर पाठवायचा आणि होस्टचे नेटवर्क मात्र बाँड (एकत्र बांधलेली कार्डे), त्यावर व्हीलॅन (आभासी नेटवर्क), त्यावर ब्रिज (आभासी स्विच) असे रचलेले. ही सगळी उतरंड छोट्या कर्नलमध्ये उभी करावी लागते आणि तिथेच ती फसते. शक्यतो लोकल डिस्कवर लिहा आणि मशीन उठल्यावर फाइल हलवा.

हे सगळे बरोबर आहे की नाही ते कळण्याचा एकच मार्ग आहे: होस्ट रिकामा करून ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’ मध्ये ‘सी’ अक्षर लिहायचे. खरोखरचा पॅनिक होतो. प्रत्येक प्रकारच्या हार्डवेअरवर एकदा, आणि कर्नलची मोठी आवृत्ती बदलली की पुन्हा. साध्या कंटेनरला या फाइलमध्ये लिहिता येत नाही, पण ‘प्रिव्हिलेज्ड’ (होस्टचे जवळजवळ सगळे अधिकार दिलेल्या) कंटेनरमधून याच एका अक्षराने अख्खा होस्ट पाडता येतो. प्रिव्हिलेज्ड कोणाला द्यायचे ते ठरवताना हे ध्यानात असू द्या.

डंपमध्ये सगळ्यांचा माल असतो हेही विसरू नका. प्रोग्रामची पाने वगळली तरी सॉकेट बफर, फाइलींची नावे, कर्नलच्या कीरिंगमधल्या किल्ल्या त्यात राहतात. अनेक ग्राहकांचे कंटेनर एका होस्टवर असतील तर फाइल फक्त रूटला वाचता यावी, बाहेर पाठवण्याआधी एन्क्रिप्ट करावी आणि काम झाले की पुसावी.

केडंपशिवायचे मार्ग

पीस्टोर हा स्वस्त मार्ग. फर्मवेअरच्या ईआरएसटी किंवा ईएफआय साठ्यात कर्नल शेवटच्या काही केबी ओळी लिहून ठेवतो, पुढच्या बूटला सिस्टिमडी त्या ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोर’ मध्ये हलवतो. यात एक मेख आहे: केडंप भरलेला असेल तर पॅनिक होताच उडी थेट छोट्या कर्नलमध्ये जाते आणि पीस्टोरला लिहायची संधीच मिळत नाही. केडंपवर पूर्ण भरवसा नसेल तर बूट पॅरामीटरमध्ये ‘क्रॅश_केएक्सेक_पोस्ट_नोटिफायर्स’ घाला, मग आधी पीस्टोर आणि नंतर डंप.

नेटकन्सोल कर्नलच्या ओळी यूडीपीने दुसऱ्या मशीनवर पाठवतो. कंटेनर-होस्टवर तो ज्या कारणाने सुरू होत नाही ते कारण जवळजवळ नेहमी एकच असते. नेटवर्क कार्ड ब्रिजमध्ये सामील असते आणि ‘इज अ स्लेव्ह डिव्हाइस, अबॉर्टिंग’ म्हणून तो नकार देतो. कार्डाऐवजी ब्रिजचेच नाव द्या. कन्सोलची लॉग पातळीही ‘डीमेसेज -एन ८’ ने वाढवा, नाहीतर अर्ध्या ओळी जाणारच नाहीत.

सीरियल कन्सोल आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून सांभाळण्याच्या वेगळ्या सोयीतून) पाहता येतो आणि तो असायलाच हवा, मात्र ११५२०० बॉडला सेकंदाला जेमतेम ११ केबी जातात. फायरवॉलच्या लॉग नियमांनी धो धो ओळी ओतल्या तर त्या लिहिण्यातच सीपीयू अडकून सॉफ्ट लॉकअपचा इशारा येतो. कंटेनरच्या आयपीटेबल्स लॉगला दरमर्यादा घाला.

होस्ट पॅनिक न होता नुसताच गोठला असेल तर रीसेट दाबू नका. ‘आयपीएमआयटूल चासिस पॉवर डायग’ ने एनएमआय, म्हणजे सीपीयूला दुर्लक्ष करता न येणारा संकेत, पाठवा. ‘कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक’ आधीपासून १ असेल तर त्यातून पॅनिक होऊन डंप मिळतो. रीसेटने फक्त मशीन परत मिळते.

डंप वाचताना

रेड हॅटवर पूर्ण डंपआधी ‘व्हीएमकोर-डीमेसेज’ नावाची मजकूर फाइल लिहिली जाते. निम्म्याहून जास्त वेळा तेवढी पुरते. वाचायला पहिल्या ऊप्सपासून सुरुवात करा, शेवटच्या नाही. ‘टेंटेड’नंतरच्या अक्षरांत (या कर्नलच्या स्थितीच्या खुणा असतात) ‘डी’ असेल तर याआधीच एक ऊप्स झालेला आहे आणि तुम्ही पाहताय ते त्याचे पडसाद. ‘एम’ असेल तर मशीन चेक, म्हणजे हार्डवेअरने तक्रार केलेली. ‘ओ’ आणि ‘पी’ म्हणजे बाहेरचे मॉड्यूल, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे आधी एखादा इशारा येऊन गेला, तो शोधा.

‘आरआयपी’च्या (पडताना चालू असलेल्या सूचनेच्या) ओळीत फंक्शनचे नाव असते आणि ते मॉड्यूलमधले असेल तर चौकटी कंसात मॉड्यूलचे. प्रत्येक वेळी तेच फंक्शन आले तर कर्नलमधला बग. दर वेळी वेगळेच, एकमेकांशी संबंध नसलेले फंक्शन आले तर रॅम किंवा सीपीयूवर संशय घ्या: ‘आयपीएमआयटूल सेल लिस्ट’ पाहा, रासडीमनच्या नोंदी पाहा, होस्ट बाजूला काढून रात्रभर मेमटेस्ट चालवा. ईसीसी दुरुस्त्यांचा (मेमरीने स्वतः सुधारलेल्या चुकांचा) आकडा एकाच डिमवर (रॅमच्या पट्टीवर) वाढत असेल तर पुढचे काही वाचत बसू नका, तो डिम बदला.

‘कॉम: जावा’ असे दिसले की जावाच्या टीमला फोन जातो. थांबा. ‘कॉम’ म्हणजे पडण्याच्या क्षणी त्या सीपीयूवर कोण होते एवढेच. आधी कोणीतरी मेमरी बिघडवली आणि तिच्यावर पाय ठेवणारा जावा निघाला, असे सर्रास होते. साध्या, विशेष अधिकार नसलेल्या प्रोग्रामने काहीही केले तरी कर्नल पडता कामा नये, त्यामुळे जावा फार तर निमित्त असते.

निमित्त कोणत्या कंटेनरमधले होते ते मात्र शोधायचे असते, पुन्हा पाडून पाहण्यासाठी आणि तोवर त्याला वेगळे ठेवण्यासाठी. ‘क्रॅश’ हे टूल उघडा. त्याला त्याच कर्नल आवृत्तीची डीबगइन्फोसह व्हीएमलिनक्स फाइल लागते. ती पॅकेज कर्नल बसवतानाच आणून ठेवा, जुन्या आवृत्त्या नंतर रिपॉझिटरीतून मिळतीलच असे नाही. ‘बीटी’ने पडलेला टास्क, म्हणजे प्रोसेस, मिळतो. त्या टास्क_स्ट्रक्टमधून एनएसप्रॉक्सी, त्यातून यूटीएस_एनएस, त्यातून नोडनेम असे चालत गेले की कंटेनरचे होस्टनेम हाती येते. डॉकरमध्ये नाव दिलेले नसेल तर ते कंटेनर आयडीची पहिली १२ अक्षरे असते, कुबरनेटिसमध्ये पॉडचे (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाचे) नाव. होस्ट नेटवर्क वापरणाऱ्या पॉडला नोडचेच नाव असते. तिथे टास्कच्या ‘सीग्रुप्स’मधून सीग्रुप, त्याचा ‘केएन’ आणि त्याचे ‘नेम’ असा रस्ता धरा. ही सगळी कर्नलची मेमरी असल्याने ‘-डी ३१’च्या डंपमध्येही मिळते. प्रोसेसची कमांड-लाइन मात्र मिळत नाही, कारण ती प्रोग्रामच्या पानांत असते आणि ती पाने वगळलेली असतात.

पडलेला टास्क ‘केवर्कर’ (कर्नलचा स्वतःचा कामगार) निघाला तर नेमस्पेस होस्टचीच दिसतील. तेव्हा स्टॅकमध्ये ‘क्लीनअप_नेट’ वगैरे आहे का बघा. असेल तर नुकताच बंद झालेला कंटेनर शोधायचा, चालू असलेला नाही.

पुन्हा उठताना

होस्ट उठतो, डॉकर सुरू होतो, ‘रीस्टार्ट ऑलवेज’ असलेले सगळे कंटेनर सुरू होतात, आणि चौथ्या मिनिटाला तोच कंटेनर तोच सिस्टिम-कॉल (कर्नलला केलेली विनंती) करतो. पुन्हा पॅनिक. हे चक्र तोडायचे तर बूट मेनूत कर्नलच्या ओळीला ‘सिस्टिमडी.मास्क=डॉकर.सर्व्हिस’ आणि तसेच ‘डॉकर.सॉकेट’साठी जोडा. होस्ट एकही कंटेनर न चालवता येतो. कुबरनेटिसवर क्यूबलेट मास्क केला की पुरते, कारण कंटेनरडी (तिथे कंटेनर चालवणारा डीमन) रीबूटनंतर पॉड स्वतःहून उठवत नाही.

रात्री तीनला बूट मेनूसमोर कोणी नसते, म्हणून हे आपोआप व्हावे. डॉकरच्या सर्व्हिसला एक ‘एक्झेककंडिशन’ जोडा. गेल्या तासाभरात ‘/व्हार/क्रॅश’मध्ये दोन किंवा जास्त डंप तयार झाले असतील तर स्क्रिप्टने १ परत करावा. सिस्टिमडी मग सर्व्हिस शांतपणे वगळतो. दहा ओळींचे काम आहे, आणि होस्ट सकाळी निदान लॉगिन करण्याच्या स्थितीत सापडतो.

कुबरनेटिसमध्ये याचे भयंकर रूप म्हणजे नोडांची माळ पडणे. नोड गेल्यावर ४० ते ५० सेकंदांत, आवृत्तीनुसार, तो ‘नॉट रेडी’ होतो. पॉडची मूळ सहनशक्ती ३०० सेकंदांची. त्यानंतर ते पॉड दुसऱ्या नोडवर जातात, आणि पाडणारा पॉडही जातो. साधारण सहा-सात मिनिटांच्या अंतराने नोड एकामागून एक पडू लागले तर हार्डवेअर शोधू नका. पडलेल्या सगळ्या नोडांवर कोणता पॉड होता ते काढा. नोड कॉर्डन (नव्या पॉडांना बंद) करून उपयोग नाही, कारण पॉड तिसरा नोड निवडेल. त्या डिप्लॉयमेंटचे रेप्लिका (चालू प्रती) ० करा, किंवा टेंट (इतर पॉडांना दूर ठेवणारी खूण) लावलेल्या एकाच नोडवर त्याला बांधून ठेवा.

हेच ३०० सेकंद डंपच्या वेळेशी जोडून पाहा. ३० जीबी कर्नल मेमरी २०० एमबी प्रति सेकंदाने लिहायला १५० सेकंद लागतात, कॉम्प्रेशनचा वेळ वेगळा, त्यावर मोठ्या सर्व्हरच्या बायोसची काही मिनिटे. म्हणजे पूर्ण डंप घेणारा नोड पाच मिनिटांत परत येईल अशी आशा धरू नका, पॉड हलणारच असे समजून आखणी करा. स्टेटफुलसेटचे (स्वतःचा डेटा सांभाळणारे) पॉड मात्र आपणहून हलत नाहीत, ‘टर्मिनेटिंग’मध्ये अडकतात. नोड खरोखर बंद असल्याची पॉवर कंट्रोलरवरून खात्री करून मगच ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट लावा. चालू नोडला तो लावला तर एकच व्हॉल्यूम दोन ठिकाणी लिहिला जाईल.

सुटा होस्ट असेल तर गर्दीचा प्रश्न येतो: चाळीस कंटेनर एकदम उठतात, सगळे डेटाबेस एकाच वेळी रिकव्हरी करतात, डिस्क गुदमरते. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक कंटेनरला क्रम आणि ‘अप’ची सेकंदे देता येतात, एलएक्ससीत ‘स्टार्ट.ऑर्डर’ आणि ‘स्टार्ट.डिले’ आहेत. डॉकर कंपोझचा ‘डिपेंड्स_ऑन’ इथे कामाचा नाही. होस्ट बूट होताना कंटेनर कंपोझ नव्हे, डॉकर डीमन उठवतो, आणि त्याला तो क्रम माहीत नसतो.

उठल्यावर काय मोडलेले सापडते? क्रॅशच्या जरा आधी ओढलेल्या इमेजमधल्या काही फाइली ० बाइटच्या असतात. कंटेनर विचित्र त्रुटी देतो आणि लोक कोड तपासत बसतात. इमेज काढून पुन्हा ओढा. डॉकर डीमनच सुरू होत नसेल आणि तक्रार नेटवर्क कंट्रोलरबद्दल असेल तर ‘/व्हार/लिब/डॉकर/नेटवर्क/फाइल्स’मधली ‘लोकल-केव्ही.डीबी’ बाजूला हलवून पाहा. क्यूबलेट ‘चेकपॉइंट इज करप्टेड’ म्हणत असेल तर ‘सीपीयू_मॅनेजर_स्टेट’ फाइल काढा. रेल्ससारख्या ॲपमध्ये जुनी पीआयडी फाइल कंटेनरच्या लेअरमध्ये तशीच राहते आणि ‘सर्व्हर आधीच चालू आहे’ म्हणून ते उठत नाही. एंट्रीपॉइंटमध्ये ती पुसायची ओळ टाका. एक्सएफएस माउंट झाले नाही म्हणून लगेच ‘एक्सएफएस_रिपेअर -एल’ मारू नका, ते जर्नल फेकून देते.

वारंवारता कमी करणे

कर्नल अपडेट हा खरा उपाय आणि लोक तोच टाळतात. २०१९च्या जूनमध्ये उघड झालेला ‘सॅक पॅनिक’, सीव्हीई-२०१९-११४७७ (सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला क्रमांक), हे बोलके उदाहरण: बाहेरून विशिष्ट टीसीपी सॅक पाकिटांची मालिका पाठवली की २.६.२९ पासूनचे कर्नल पॅनिक होऊ शकत होते. एका कंटेनरचे एक पोर्ट उघडे असणे पुरेसे होते. नवा कर्नल आधी एकाच होस्टवर आणि तोही ‘ग्रब-रीबूट’ने फक्त एका बूटपुरता चढवा. ओळीत ‘पॅनिक=१०’ असेल तर तो बूट होताना पडला तरी मशीन आपोआप जुन्या कर्नलवर परत येते. लाइव्ह पॅच (रीबूट न करता चालू कर्नलची दुरुस्ती) सुरक्षेच्या भोकांसाठी चांगले, स्थैर्याचे बहुतेक बग त्यातून दुरुस्त होत नाहीत.

कंटेनरला कर्नलचा जितका कमी भाग दिसेल तितके बरे. डॉकर मुळातच सेककॉम्पने (सिस्टिम-कॉलच्या गाळणीने) ४० च्या वर सिस्टिम-कॉल अडवतो. कुबरनेटिसमध्ये मात्र ‘रनटाइमडिफॉल्ट’ मागितले नाही तर काहीच अडवले जात नाही. जानेवारी २०२२ च्या सीव्हीई-२०२२-०१८५ मध्ये नेमका हाच फरक महत्त्वाचा ठरला. क्यूबलेटचे ‘सेककॉम्प डिफॉल्ट’ चालू करा. एससीटीपी, डीसीसीपी यांसारखी क्वचित लागणारी मॉड्यूल्स नुसते सॉकेट उघडल्याने आपोआप लोड होतात, ती मॉडप्रोबच्या यादीत अडवून ठेवा.

सेंटओएस ७ चा ३.१० कर्नल अजून कुठे चालू असेल तर तिथे कर्नल मेमरीचा सीग्रुप हिशेब गळका आहे. कंटेनर तयार-बंद होत राहिले की काही आठवड्यांत ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ किंवा ‘नो स्पेस लेफ्ट’ येऊन नवे कंटेनर बनेनासे होतात. ‘सीग्रुप.मेमरी=नोकेमेम’ हे बूट पॅरामीटर वेळ मारून नेते. खरा मार्ग म्हणजे तो कर्नल सोडणे.

आणि एखाद्या ग्राहकाला स्वतःचे मॉड्यूल, प्रिव्हिलेज्ड कंटेनर किंवा कसलाही अनोळखी कोड चालवायचाच असेल तर शेअर्ड कर्नलचा हट्ट सोडा. जीव्हायझरमध्ये बहुतेक सिस्टिम-कॉल युजर-स्पेसमधला वेगळा कर्नल हाताळतो. फाइल आणि नेटवर्कच्या कामाला तो हळू पडतो. काटा कंटेनर्समध्ये प्रत्येक पॉडला स्वतःचे छोटे व्हर्च्युअल मशीन आणि स्वतःचा कर्नल मिळतो. पॉडमागे थोडी जास्त मेमरी जाते आणि होस्टवर व्हर्च्युअलायझेशन चालू असावे लागते, पण आतला कर्नल पॅनिक झाला तर तेवढाच पॉड जातो. दोन्ही रनटाइम-क्लासने निवडता येतात, त्यामुळे सगळा क्लस्टर बदलायची गरज नाही. तुमच्या चाळीसपैकी जे दोन-तीन कंटेनर डंपमध्ये वारंवार सापडतील तेवढेच आधी तिकडे हलवा.